नामपट्टीवर कोणाचे नाव?

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालयाला या शहरातील माणसे आजही अजब बंगला म्हणतात. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल यांच्या काळात, 1863 मध्ये, त्याची स्थापना झाली. 19व्या शतकात उभ्या राहिलेल्या अशा संग्रहालयांमध्ये नोंदीची एक पद्धत रूढ होती. वस्तू कोणत्या प्रदेशातून आली, कोणत्या जमातीची आहे आणि कशापासून बनली आहे, एवढे लिहिले जाई. ती कोणाच्या हातची आहे, हे सहसा विचारले जात नसे. मण्यांचे दागिने, भरतकाम, विणलेली वस्त्रे आणि घराच्या भिंतींवरील नक्षी यांतील किती तरी काम स्त्रियांनी केलेले होते. म्हणून स्त्रियांच्या कलेला संग्रहालयात जागाच नव्हती, असे म्हणणे पुरेसे अचूक नाही. त्यांचे काम आत आले, पण नाव दाराबाहेर राहिले. आजच्या प्रदर्शनांकडे पाहताना हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

नागपूरजवळच्या बेला या गावी 1933 मध्ये जन्मलेल्या चित्रकार बी. प्रभा यांना हे नाव मिळाले, आणि तेही फार लवकर मिळाले. नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून त्या मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेल्या. विद्यार्थिदशेतच त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले आणि त्यातील तीन चित्रे डॉ. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहासाठी विकत घेतली. 1956 मध्ये शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी एअर इंडियाने त्यांची सहा चित्रे प्रत्येकी 87.50 रुपयांना घेतली, आणि पुढे हजारो कलाकृतींपर्यंत वाढलेल्या त्या कंपनीच्या संग्रहाचा आरंभ या सहा चित्रांपासून मानला जातो. देशातील एका मोठ्या कलासंग्रहाच्या पहिल्याच पानावर विदर्भातील एका तरुण स्त्रीचे नाव आहे, ही गोष्ट नागपूरच्या प्रत्येक शाळकरी मुलीला ठाऊक असायला हवी.

त्यांची चित्रे घाई न करता पाहावी लागतात. उंच, सडपातळ, लांब मानेच्या ग्रामीण स्त्रिया, कोळिणी, कोणी टोपली घेऊन निघालेली, कोणी नुसतीच बसून राहिलेली. चित्रभर बहुधा एकाच रंगाचे राज्य असते आणि बाकीचे रंग त्याच्या आधाराने येतात. अमृता शेरगिल यांच्या कामाचा त्यांच्यावर प्रभाव होता. 1941 मध्ये, वयाच्या अवघ्या 28व्या वर्षी निधन पावलेल्या शेरगिल यांनी भारतीय खेड्यातील स्त्रीला तैलरंगांत जे गांभीर्य दिले, ते प्रभा यांनी आपल्या पद्धतीने पुढे नेले. स्त्रियांच्या वाट्याला आलेले दुःख रंगवणे हा आपला हेतू आहे, असे त्या सांगत असत. ही चित्रे इतकी देखणी आहेत की दिवाणखान्याची शोभा म्हणून ती सहज खपून जातात आणि त्यांतील दुःखाकडे नजर जात नाही. योग्य प्रकाशात, पुरेशी मोकळी जागा सोडून, एकाच काळातील चार-पाच चित्रे शेजारी लावली, तर पाहणाऱ्याला त्या खाली वळलेल्या चेहऱ्यांची संगती लागते. प्रदर्शनाची मांडणी हा चित्र समजून घेण्याचाच एक भाग आहे, असे आम्हाला वाटते ते यासाठी.

संग्रहात असणे आणि प्रदर्शनात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एअर इंडियाने जमवलेल्या कलाकृती अनेक दशके मुख्यतः कार्यालयांच्या भिंतींवर आणि कोठारांत राहिल्या. तो संग्रह पुढे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टकडे सोपवण्यात आला आणि त्यातील निवडक कामे 2023 मध्ये मुंबईत सर्वांसाठी मांडली गेली. बी. प्रभा 2001 मध्येच वारल्या होत्या.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. न्यूयॉर्कमधील गुरिल्ला गर्ल्स या स्त्री-कलावंतांच्या गटाने 1989 मध्ये तेथील मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील कलाकृती मोजल्या, तेव्हा आधुनिक कलेच्या विभागांत स्त्री-कलावंत 5 टक्क्यांहूनही कमी, तर नग्नचित्रांतील 85 टक्के देह स्त्रियांचे असल्याचे दिसून आले. आपल्या देशात नलिनी मलानी, माधवी पारेख, नीलिमा शेख आणि अर्पिता सिंह या चौघींनी 1987 ते 1989 या काळात आपले एकत्रित प्रदर्शन निरनिराळ्या शहरांत नेले, त्यामागेही अशीच अस्वस्थता होती. मात्र या चौघी शहरी कलाजगतात वावरणाऱ्या होत्या, आपल्या चित्रांवर सही करणाऱ्या होत्या. ज्यांचा कॅनव्हास घराची भिंत आणि अंगण हाच होता, त्यांचा प्रश्न याहून अवघड होता.

त्या प्रश्नाशी नागपूरचे नाते जुने आहे. हे शहर गोंड राजा बख्त बुलंद शाह याने वसवले, आणि 1956 पर्यंत ते ज्या जुन्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी होते, त्यात मंडला आणि दिंडोरीचा गोंड मुलूखही होता. तेथील स्त्रिया सणासुदीला व लग्नकार्यात भिंतींवर आणि जमिनीवर दिग्ना नावाची भौमितिक नक्षी काढतात. दुर्गाबाई व्याम लहानपणी आपल्या आजीकडून दिग्ना शिकल्या आणि तोच हात पुढे कागदावर व कॅनव्हासवर चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चित्रमय पुस्तकाची चित्रे त्यांनी पती सुभाष व्याम यांच्यासह काढली, आणि 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दीक्षाभूमीच्या या नगरीत त्या चित्रांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. झाबुआ जिल्ह्यातील भिल्ल चित्रकार भुरीबाई भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्राच्या बांधकामावर मजूर म्हणून आल्या होत्या. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी त्यांना कागद आणि रंग दिले, आणि ज्या इमारतीसाठी त्यांनी ओझी वाहिली, तिच्याच संग्रहात त्यांची चित्रे गेली. 2021 मध्ये त्यांनाही पद्मश्री देण्यात आली. स्वामिनाथन यांनी शहरी आणि आदिवासी कलावंतांची कामे एकाच संस्थेत आणि तितक्याच मानाने मांडली, चित्रांखाली जमातीऐवजी माणसांची नावे लिहिली. हे 1982 च्या सुमारास घडत होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निर्णयाचे धाडस कळते.

नाव मिळाल्यानेही सारे सुरक्षित होत नाही. मिथिलेच्या गंगादेवी यांनी दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात, कर्करोगावरील उपचार सुरू असताना, कोहबर घराच्या, म्हणजे नवदांपत्याच्या खोलीच्या, भिंती रंगवल्या होत्या. 1991 मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढे नूतनीकरणाच्या कामात त्या भिंती नष्ट झाल्या. पद्मश्री मिळालेल्या चित्रकाराची ही अवस्था, तर ज्यांची नोंदच नाही त्यांच्या कामाचे काय होत असेल, हा विचार मन अस्वस्थ करतो.

बी. प्रभा आणि दुर्गाबाई व्याम यांची चित्रे नागपुरात एकाच दालनात, समोरासमोर पाहायला मिळावीत, अशी आमची मनापासून इच्छा आहे. एकीने खेड्यातील स्त्रीला शहरी कॅनव्हासवर आणले, दुसरीने खेड्यातील स्त्रीची रेघच शहरात आणली. शहरात मध्यवर्ती संग्रहालय आहे, शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. जागेची उणीव नाही. चित्रे उसनी आणावी लागतील, विमा आणि वाहतुकीची व्यवस्था करावी लागेल, दालनातील प्रकाश आणि आर्द्रता सांभाळावी लागेल. त्याच वेळी जुन्या संग्रहांतील वस्तूंच्या नोंदी पुन्हा तपासण्याचे काम हाती घेता येईल. कलेचे विद्यार्थी गोंडी जाणणाऱ्यांना सोबत घेऊन गावोगावी गेले, तर निदान गेल्या एक-दोन पिढ्यांतील कामांच्या कर्त्या स्त्रियांची नावे, गावे आणि त्या ज्यांच्याकडून शिकल्या त्यांची नावे मिळू शकतील. हे ज्यांच्या आठवणीत आहे, त्या बाया आता वृद्ध झाल्या आहेत, म्हणून हे काम याच काही वर्षांत सुरू झाले पाहिजे.