हेडफोनमध्ये काय वाजतंय: कोकणातल्या नव्या डीजेचं कमी खर्चाचं सामान

(दृश्य: हर्णै बंदर, मे महिना, संध्याकाळ. मांडवाजवळ टेम्पोतून सामान उतरतंय.)

हर्णैला बंदरावर माशांचा लिलाव आटपत आला की इकडे वाडीत हळदीच्या मांडवापाशी साऊंडवाल्याचा टेम्पो लागतो. आधी बेसचे डबे उतरतात, मग टॉप म्हणजे वरचे बारीक आवाजाचे स्पीकर, मग अॅम्प्लिफायरची रॅक, वायरींची दोन पोती, आणि सगळ्यात शेवटी एक टेबल. त्या टेबलावर एक लॅपटॉप आणि लॅपटॉपपुढे एक काळी चपटी पेटी, दोन गोल चकत्या आणि मधे चारपाच दांड्या असलेली. बारक्या पोरांचं सगळं लक्ष डब्यांकडे, किती डबे आणलेत ते मोजण्यात. आपण मात्र आज त्या काळ्या पेटीबद्दल, म्हणजे डीजे कंट्रोलरबद्दल बोलायचंय, आणि ती घ्यायला खिशात पैसे नसताना काय करायचं त्याबद्दल.

कारण गावात ज्याला हे शिकायचंय त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, दादा किती लागतील? आणि सांगणारे पण ठरलेले. एक जण म्हणणार लाखाच्या खाली हातच घालू नको, दुसरा म्हणणार अरे मोबाइलवर पण होतं, कशाला पैसे घालवतोस. दोघंही अर्धंच सांगतात.

आधी एक गोष्ट बाजूला काढूया. स्पीकर घेऊ नका. अॅम्प नको, बेस नको, लाइट तर अजिबात नको. मांडवाचं काम असतं तेव्हा साऊंड ज्याचा त्याचा असतो, साऊंडवाले काका टेबलावर दोन वायरी आणून ठेवतात आणि म्हणतात, बाळा तुझं आउटपुट दे फक्त. तेवढंच. तुमची जबाबदारी त्या दोन वायरींपर्यंत, त्याच्या पुढचे सगळे डबे त्यांचे, भाडं त्यांचं आणि जळाले तर शिव्या पण त्यांच्याच. घरी सरावाला जुना होम थिएटर असेल तर तोही चालतो. फक्त ब्लूटूथ स्पीकरवर सराव करू नका, कारण ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा येतो, तुम्ही बटण दाबताय आत्ता आणि ठोका पडतोय नंतर, त्यात हाताला वळण चुकीचं लागतं. हेडफोनचं पण तेच, वायरवालाच घ्या, कान पूर्ण झाकणारा.

(दृश्य: हेडफोनची एक बाजू कानावर, दुसरी मागे सरकवलेली. जवळून.)

आता मुद्द्याचं. हे बघा, हा पोरगा एक कान झाकून आणि एक कान उघडा ठेवून उभा आहे. उघड्या कानाने तो मांडवात वाजणारं गाणं ऐकतोय. झाकलेल्या कानात पुढचं गाणं चालू आहे जे अजून कोणालाच ऐकू येत नाहीये. तो ते पुढचं गाणं जरा मागेपुढे ढकलतोय, ढोलकीचा ठोका पहिल्या गाण्याच्या ठोक्यावर बसेपर्यंत, आणि बसला की मधली दांडी सरकवणार. याला क्यू म्हणतात. डीजेचं सगळं काम खरं तर या एका झाकलेल्या कानात चालतं, बाकी हात हलवणं वगैरे नंतरचं.

म्हणजे पैसे कशाचे मोजायचे? तर लॅपटॉपमधून दोन वेगवेगळे आवाज एकाच वेळी बाहेर काढण्याचे, एक लोकांना आणि एक तुमच्या कानाला. साध्या लॅपटॉपला आवाज बाहेर काढायची एकच वाट असते. ज्या वस्तूने दुसरी वाट मिळते ती घ्यायची आणि ज्याने मिळत नाही ती कितीही चकचकीत असली तरी तिथेच ठेवायची. दुकानदार पॅड किती आणि इफेक्ट किती ते सांगत बसेल, तुम्ही विचारा, आत साउंडकार्ड आहे का, दुसरी वाट त्यानेच मिळते.

आणि साउंडकार्ड नसलेल्या पेट्या असतात बरं का. पायोनियरचा डीडीजे २०० घ्या, दिसायला गोड, हलका, पण त्यात साउंडकार्डच नाही. त्याच्याबरोबर एक स्प्लिटर वायर येते, ती एक चॅनल लोकांना देते आणि दुसरा तुमच्या हेडफोनला, म्हणजे दोन्हीकडे मोनो, डावंउजवं वेगळं नाही. मोबाइलवरच्या अॅपमध्ये स्प्लिट आउटपुट नावाची सेटिंग असते तीही हेच करते. मांडवात तसाही साऊंड बहुतेक वेळा मोनोच चालतो त्यामुळे काम भागतं, पण मग उगाच कंट्रोलरचे पैसे का दिले असं होतं.

बरं, मग शून्यापासून सुरू करायचं तर?

लॅपटॉप घरात असेल, ताईच्या कॉलेजचा का असेना, तर त्यावर मिक्स (Mixxx) नावाचं डीजे सॉफ्टवेअर टाका. पूर्ण फुकट, ओपन सोर्स, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि फुकट आहे म्हणून दहा मिनिटांनी बंद पडतं असला प्रकार नाही. मग तीनचारशे रुपयांचं यूएसबी साउंडकार्ड घ्या, ते पेनड्राइव्हसारखं बारकं येतं ते. सॉफ्टवेअरच्या साउंड हार्डवेअरमध्ये जाऊन मेन आउटपुट लॅपटॉपच्या जॅकला आणि हेडफोन त्या यूएसबी कार्डाला द्या. झाली दुसरी वाट. कीबोर्डवरून वाजवायचं आहे, हाताला मजा येणार नाही, पण कान तयार व्हायला लागतो आणि दोन महिन्यांत कळतं की आपल्याला खरंच हे करायचंय का नुसतं इन्स्टावर फोटो टाकायचाय. लॅपटॉप म्हातारा असेल तर कंट्रोलरच्या आधी त्यात एसएसडी टाका आणि रॅम आठ जीबी करा, कारण ऐन हळदीत गाणं अडकलं तर पेटी कितीची होती हे कोणी विचारत नाही.

(दृश्य: लॅपटॉपची स्क्रीन. दोन गाण्यांच्या लाटा एकाखाली एक, उभ्या रेघा घसरताना.)

आता एक गोष्ट जी बाहेरचे व्हिडिओ सांगत नाहीत, सांगणार तरी कुठून म्हणा. तिकडचं संगीत कॉम्प्युटरवर बनलेलं, चार मात्रांचं, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकाच लयीत. सॉफ्टवेअर गाणं तपासून त्यावर उभ्या रेघा मारतं, त्याला बीटग्रिड म्हणतात, आणि सिंक दाबलं की दोन गाण्यांच्या रेघा जुळवून देतं. आपल्याकडे काय वाजतं? जुनी कोळीगीतं, कॅसेटच्या जमान्यातली. माणसांनी बसून वाजवलेली. गाणं रंगात आलं की ढोलकीवाला पण रंगात येतो, लय चढते. त्यातली कितीतरी गाणी चारच्या हिशोबात नाहीतच, सहाच्या डुलत्या चालीत आहेत. सॉफ्टवेअर बिचारं तिथे चारचारच्या रेघा मारत बसतं, नाहीतर मिनिटाला सत्तर ठोक्यांची लय एकशेचाळीस समजतं. अशा गाण्यावर सिंक दाबलं की सुरुवातीला ठीक वाटतं आणि पुढे दोन ढोलक्या एकमेकींच्या पायात पाय घालून पडतात.

त्याला उपाय आहे. रेकॉर्डबॉक्स नावाच्या डीजे सॉफ्टवेअरमध्ये गाणं तपासताना नॉर्मलच्या जागी डायनॅमिक निवडा, मिक्समध्ये कॉन्स्टंट टेम्पो धरायची जी खूण असते ती काढा, रेघा बऱ्यापैकी जागेवर येतात. पण तेही औषध, जेवण नाही. अशी दोन गाणी जोडायची तर लांब मिसळत बसूच नये. पहिल्याचं कडवं संपतं तिथे कापायचं आणि दुसरं थेट मुखड्यावर सोडायचं, त्यासाठी मुखड्याच्या पहिल्या ठोक्यावर हॉट क्यू, म्हणजे बटण दाबताच गाणं तिथूनच सुरू करणारी खूण, लावून ठेवायचा. हळदीत बायकांना काय हवं असतं, मुखडा लगेच ओळखू यायला हवा. बस.

म्हणून आपल्याकडच्या पोराने कंट्रोलर बघताना जॉग व्हील बघावी, ती गोल चकती, हाताने ढकलायला नीट आहे का, आणि बाजूचा पिच स्लायडर, लय कमीजास्त करायची दांडी, फार आखूड नाही ना. ही मांडणी काही आजची नाही. टेक्निक्सचं एसएल १२०० टर्नटेबल १९७२ मध्ये आलं, पायोनियरचा सीडीजे १००० २००१ मध्ये, तबकडी जाऊन सीडी आली, सीडी जाऊन पेनड्राइव्ह आला, तरी दोन गोल आणि मधे मिक्सर हे काही सुटलं नाही. त्यामुळे बारक्या पेटीवर शिकलेला हात मोठ्या पेटीवर चालतो.

आता नावं. हर्क्युलिसचा इनपल्स २००, आत साउंडकार्ड आहे, हेडफोनला वेगळा जॅक आहे, सोबत डीजेयूसेड नावाचं सॉफ्टवेअर येतं. बजेट खरंच तंग असेल तर हाच. थोडे जास्त असतील तर त्याचाच मोठा भाऊ ३००, त्यात लय पुढे आहे का मागे ते दाखवणारे बाणाचे दिवे आहेत, छान आहेत, पण ते दिवे सॉफ्टवेअरच्या रेघांवर चालतात आणि रेघांची गत आत्ताच सांगितली. न्यूमार्कच्या पार्टी मिक्सला अंगातच डिस्को लाइट आहेत, भाचा खूश होईल. आणि तीसेक हजारांच्या घरात जायची तयारी असेल तर पायोनियरचा डीडीजे एफएलएक्स ४. किंमत हलत असते, सणासुदीला खाली येते, तेव्हा बघून घ्या. रेकॉर्डबॉक्स, सेराटो डीजे लाइट आणि djay (डीजे) नावाचं अॅप, तिन्हीवर चालतो, पेटी जोडली की रेकॉर्डबॉक्सची वाजवायची बाजू फुकटात उघडते. यूएसबीवरच चालतो म्हणजे मांडवात लाईट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर पेटी जिवंत राहते, काकांचा जनरेटर सुरू होईपर्यंत तुम्ही हेडफोनमध्ये पुढचं गाणं लावून तयार.

माझं मत विचाराल तर मधलं काही घेऊ नका. एक तर अगदी स्वस्तातला इनपल्स घ्या नाहीतर थांबा, दोन सीझन साऊंडवाल्याबरोबर वायरी उचला आणि थेट एफएलएक्स घ्या. मधल्याला विकायला गेलं की गिऱ्हाईक नसतं.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. व्हर्च्युअल डीजे आपल्याकडे घराघरात आहे, घरच्या वापराला फुकट आहे, पण कंट्रोलर लावून धंदा करायचा तर लायसन्स घ्यावं लागतं. त्याचं क्रॅक केलेलं व्हर्जन पेनड्राइव्हवरून फिरत असतं ते माहितीये सगळ्यांना. त्या पेनड्राइव्हबरोबर व्हायरस पण फिरतो आणि कंट्रोलरचा ड्रायव्हर नीट बसत नाही. फुकटच हवंय तर कायदेशीर फुकट असताना ही हौस कशाला.

गाण्यांचं मात्र नीट ऐका. व्हॉट्सअॅपवर आलेली फाइल किंवा १२८ केबीपीएसची एमपीथ्री मोबाइलवर बरी वाटते, मोठ्या टॉपवर लावली की झांजेचा आवाज पत्रा खरवडल्यासारखा येतो. ३२० ची घ्या, विकत घ्या जिथे मिळते तिथे. आणि लोकल रिमिक्स घेताना पूर्ण ऐकून घ्या, कारण मधेच कोणीतरी घोगऱ्या आवाजात स्वतःचं नाव ओरडतो, अमुक इन द मिक्स, आणि तुमच्या कार्यक्रमात तुमच्याच हाताने त्याची जाहिरात होते!

(दृश्य: जुना कंट्रोलर उलटा धरलेला, मागच्या सॉकेटवर टॉर्च.)

सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे बघा. मागे आरसीएचे सॉकेट आहेत ना, लाल आणि पांढरा, त्यांच्या कडेला हिरवट थर दिसतोय. खारा वारा. पितळेचं भांडं कळकतं तसाच हा धातू कळकतो आणि मग वायर हलली की एका बाजूचा आवाज जातो. कॉन्टॅक्ट क्लीनरने थोडंफार निघतं, पण भाव पाडायला एवढं पुरे. पुढे प्रत्येक दांडी हळूहळू वरखाली करा, मधे खरखर आली का ऐका. क्रॉसफेडर, म्हणजे दोन गाण्यांमधली आडवी दांडी, पूर्ण डावीकडे नेल्यावर उजवीकडचं गाणं अगदी बारीक जरी ऐकू येत असेल तरी तो गेलेला आहे. हेडफोनची पिन जॅकमध्ये फिरवून बघा. हे सगळं लॅपटॉपला जोडून, वाजवून. विकणारा म्हणेल लाईट लागतायत म्हणजे चालू आहे, तर त्याला म्हणा हो, आणि चहा मागवा आणि सगळं तपासूनच उठा.

वायरींची पिशवी स्वतःची ठेवा, हे मी हात जोडून सांगतो. आरसीए ते पी थर्टीएट (मोठी जाड पिन) एक जोडी, आरसीए ते कॅनन (तीन पिनांचा गोल कनेक्टर) एक जोडी, एक जास्तीची यूएसबी वायर. लॅमिंग्टन रोडला मुंबईत कोणी चाकरमानी असेल तर त्याच्याकडून मागवा, तिथे हे सगळं एका फेरीत होतं. यूएसबी हबमध्ये न लावता पेटी थेट लॅपटॉपला लावा. मांडवात गेल्यावर स्पीकरमधून भुंग्यासारखा आवाज यायला लागला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर तो अर्थिंगचा लोचा आहे, पेटी आणि साऊंडच्या वायरीमधे ग्राउंड लूप आयसोलेटर लावा, काही शेकड्यांत मिळतो. चार्जरची अर्थिंगची पिन तोडून टाकायचा जो गावठी उपाय आहे तो करू नका, ओल्या अंगणात उभं राहून तर मुळीच नको. आणि पेटीवरचे दिवे लालमध्ये घालवू नका. आवाज कमी वाटला तर काकांना सांगा, ते वाढवतील, तुम्ही वाढवलात तर आवाज फाटतो आणि टॉपच्या आतले आवाज काढणारे ड्रायव्हर जातात.

वेळेचं गणितही बसवून ठेवा. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद, सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं आणि तुमच्या मावसभावाची हळद त्या १५ दिवसांत येत नाही. हळद लागता लागता आठ वाजलेले असतात. म्हणजे तुमच्या हातात दोनच तास, त्यात वीस मिनिटं नवऱ्याच्या काकांचं भाषण. गाण्यांच्या याद्या आधी लावून ठेवा, एक कोळीगीतांची, एक आजीच्या फर्माइशीची, एक पोरांची, कारण तिथे उभं राहून शोधत बसायला वेळ मिळत नाही.

पावसाळ्यात कामं थांबतात, गणपतीपर्यंत पेटी घरात पडून राहते. कपाटात तळाला कोंबू नका, तिथे बुरशी येते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पुड्या अधूनमधून चुलीशेजारी सुकवा, आणि आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून अर्धा तास वाजवा, सगळ्या दांड्या फिरवा. घरचे ओरडतील. हेडफोन आहेच.