फुगलेली बॅटरी, चालू लॅपटॉप

[दृश्य: परभणी जिल्ह्यातलं एक गाव. बसस्टँडजवळ पत्र्याचं शेड, वर सेवा केंद्राची पाटी. आत टेबलावर जुना काळा लॅपटॉप.]

जुलै संपत आला की या टेबलासमोर रांग लागते. खरिपाच्या पीकविम्याचे अर्ज भरायची मुदत बहुतेक वर्षी ३१ जुलैला संपते. सातबारा, आधार, पासबुक घेऊन माणसं उभी असतात आणि सगळ्यांचं काम या एका लॅपटॉपवर अडलेलं असतं.

हा लॅपटॉप नीट पाहा. त्याचे चारी पाय टेबलाला टेकत नाहीत, टाइप करताना तो डुगडुगतो. टचपॅडची एक कड वर आलीय. क्लिक होत नाही म्हणून माऊस लावलाय. झाकण लावलं तरी फट राहते. केंद्र चालवणाऱ्या ताईंना विचारलं, तर उत्तर येतं, "चालायलंय की भाऊ. सीझन होऊ द्या, मग बघू."

ताई, सीझन होईपर्यंत थांबू नका. लॅपटॉप चालतोय याचा अर्थ बॅटरी ठीक आहे असा होत नाही.

[दृश्य: दुरुस्तीचं दुकान. मागचं झाकण उघडलेलं. आत चांदीच्या रंगाची चपटी पाकिटं, त्यातली दोन टरारून फुगलेली.]

तव्यावरच्या भाकरीला पापुद्रा सुटावा, तशी ही पाकिटं, म्हणजे बॅटरीचे सेल, वर आली आहेत. फरक इतकाच की आत वाफ नाही. लिथियम-आयन बॅटरीच्या दोन ध्रुवांमध्ये एक द्रव असतो आणि तो पेट घेणारा असतो. बॅटरी सतत तापत राहिली, दिवसेंदिवस काठोकाठ चार्ज राहिली, की हा द्रव हळूहळू विघटित होतो. कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, इथिलीन असे वायू तयार होतात. पाकीट हवाबंद असतं. वायूला वाट मिळत नाही, मग तो जागा करून घेतो. आधी टचपॅड उचलतो, मग कीबोर्ड, मग खालचं झाकण.

बरेच जुने ऑपरेटर ही खूण ओळखत नाहीत आणि त्याला कारण आहे. पूर्वीच्या जाड लॅपटॉपची बॅटरी खटका सरकवला की मागून निघायची. तिच्यात १८ मिलिमीटर जाडीचे, ६५ मिलिमीटर लांबीचे धातूच्या नळकांड्यातले सेल असायचे. ते असे फुगून दिसत नसत. बॅकअप कमी झाला की बॅटरी संपली, एवढंच माहीत होतं. लॅपटॉप पातळ झाले तशी नळकांडी गेली आणि प्लास्टिक-ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यातली ही पाकिटं आली. बॅटरीचा रिपोर्ट काढला तर क्षमता किती उरली ते कळतं. ती फुगली आहे हे मात्र तो सांगत नाही. ते डोळ्यांनीच पाहावं लागतं.

[दृश्य: मे महिन्यातली दुपार. तापलेला पत्रा, भिंतीवरचा पंखा, बोर्डात लावलेला चार्जर.]

मे महिन्यात परभणी, नांदेडकडे पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याखाली त्याहून जास्त. त्यात लाईटचा भरवसा नाही, म्हणून चार्जर सकाळी लागतो तो दुकान बंद होईपर्यंत. पूर्ण चार्ज झालेला सेल साधारण ४.२ व्होल्टवर असतो. इतक्या व्होल्टेजवर आणि इतक्या उष्णतेत दिवसच्या दिवस काढले की आतलं रसायन झपाट्यानं म्हातारं होतं. जुलैत दिसलेल्या फुगवट्याची सुरुवात बऱ्याचदा उन्हाळ्यातच झालेली असते.

यात ताईंचा दोष नाही. लाईट कधी जाईल ते माहीत नसताना चार्जर काढून ठेवा, असं दुरून सांगणं सोपं असतं. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग असते. बॅटरी चांगली आहे तोवर ती जरूर लावावी. फुगलेल्या बॅटरीला तिचा उपयोग नाही. तो वायू परत जिरत नाही.

मग करायचं काय? लॅपटॉप शटडाऊन करा. चार्जर काढा. झाकण दाबून बंद करू नका, वर रजिस्टर ठेवू नका, पुन्हा चार्जिंगला तर अजिबात लावू नका. अर्ज, फोटो, पावत्या जातील ही भीती बाळगू नका. डेटा हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असतो, बॅटरीत नसतो. बॅटरी काढली तरी तो जागेवर राहतो.

आणि हे कळकळीनं सांगतो: सुई टोचून हवा काढायला जाऊ नका. "टाचणी मारा, बसंल खाली" असा सल्ला देणारी माणसं प्रत्येक गावात भेटतात. दोन ध्रुवांना वेगळं ठेवणारा आतला पडदा साधारण २० मायक्रॉनचा असतो, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. तो फाटला की आतल्या आत शॉर्ट होतो, त्या उष्णतेनं पुढची रासायनिक क्रिया भडकते, तिच्या उष्णतेनं शेजारचा सेल. मग ते आवरत नाही. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू असतो. बॅटरीतून फुस्स आवाज आला, गोडसर उग्र वास आला, धूर दिसला, तर लॅपटॉप उचलायला जाऊ नका. माणसं बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

[दृश्य: मेकॅनिकचे हात. आधी कनेक्टर सुटतो, मग स्क्रू.]

जाणता मेकॅनिक पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर सोडवतो. पाकीट डिंकाच्या पट्टीनं चिकटलेलं असेल, तर स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटत नाही. प्लास्टिकची पट्टी घेऊन, पाकीट न वाकवता, सावकाश सोडवतो. घाई करणाऱ्याच्या हातात हे काम देऊ नका.

सीझनचं काय? बरेच लॅपटॉप बॅटरी काढूनही चार्जरवर चालतात. काही मंदावतात, काही सुरूच होत नाहीत, ते मेकॅनिककडेच तपासून घ्या. चालला, तर इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर लाईट जाताच अर्धा भरलेला अर्ज जाईल. नवी बॅटरी घेताना जुनीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज जुळवा, आणि आयएस १६०४६ ही भारतीय मानकाची खूण पाहा. नावगाव नसलेली स्वस्त बॅटरी पुढच्या मे महिन्यात पुन्हा याच टेबलावर आणून बसवते.

राहिली काढलेली बॅटरी. ती भंगारात गेली की तिथे कुणीतरी तांबं-ॲल्युमिनियम काढायला तिच्यावर हातोडा घालतो. घंटागाडीत टाकली तर कचऱ्याबरोबर दाबली जाते. केंद्र सरकारच्या ऑगस्ट २०२२ च्या नियमांनुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पण परभणी, हिंगोलीच्या खेड्यात त्यासाठी डबा शोधूनही सापडत नाही. म्हणून नवी बॅटरी घेतानाच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, जुनी परत घेता का. कुरिअरनं पाठवू नका, आणि एसटीच्या गर्दीत पिशवीत कोंबून नेऊ नका. नेण्याची सोय होईपर्यंत कनेक्टरवर चिकटपट्टी लावा, पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा, झाकण घट्ट लावू नका. डबा उन्हापासून, गवताच्या गंजीपासून आणि पोरांच्या हातापासून लांब असू द्या. वर मोठ्या अक्षरात लिहा: फुगलेली बॅटरी. दाबू नका, टोचू नका.