आधी मेलो, मग नवरदेव झालो

रात्रीचे साडेनऊ. कापणी झालेल्या धानाच्या बांधीत मंडप पडलाय. पडद्यामागे, एका बल्बखाली, चाळिशी ओलांडलेला नट मिशी चिकटवतोय. काळीभोर, टोकं वर वळलेली. पहिल्या अंकात तो पंचविशीचा आहे.

ही झाडीपट्टी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियातला धानाचा मुलूख. नाटक कंपन्यांचं ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. २०२३ साली इथल्याच नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. मुंबई-पुण्यात अनेकांनी झाडीपट्टीचं नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं असेल!

या नटानं एका सिनेमातही छोटं काम केलंय. पहिल्याच सकाळी त्याला तिरडीवर झोपवलं. लग्न चौथ्या दिवशी. सिनेमा जागेच्या आणि तारखांच्या सोयीनं चित्रित होतो. दाढी किती वाढलेली, कोणती गुंडी उघडी, याचे फोटो काढून ठेवतात. माणूस हळूहळू बदलत गेला, हे पुढे संकलनात जुळवतात. "मी आधी मेलो आन् मग नवरदेव झालो बाप्पा," तो सांगतो.

इथं तशी सोय नाही. जे होईल ते ओळीनं, हजार डोळ्यांसमोर.

ही त्याची पहिली एन्ट्री. छाती पुढे, पाऊल दणकट. लग्नाचा प्रवेश आमच्या चित्रीकरणात नाही, तेव्हा कॅमेऱ्याची बॅटरी बदलत होतो. आता दुसरा अंक बघा. कपडे तेच. फक्त बायकोशी बोलताना तो तिच्याकडे बघत नाही. पुढच्या रांगेतल्या ब्लँकेटातून एक आजी त्याला शिव्या घालते.

पहाटे साडेतीन. मिशी तीच, आता सफेदा लावलेली. आवाज मात्र खरंच बसलाय, रात्रभर माईकवर बोलून. तो ते लपवत नाही. खाटेवर टेकायला किती वेळ घेतो बघा. आधी एक हात. मग दुसरा. मग थांबतो. कॅमेऱ्यापुढे असं म्हातारपण रंगवायला मेकअपवाल्याचे तास जातात. आम्हाला तरी हे जास्त खरं वाटलं.

होळीनंतर नाटकं बंद, मग मजुरी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता.

उजाडलंय. खोबरेल तेलानं तो तोंड पुसतो. कानामागचा सफेदा तसाच राहतो. पेट्या गाडीत चढतात. पुढच्या गावात दुपारी शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत आहे, रात्री नाटक.