हाडात शिरणारा जंत

नमस्कार श्रोतेहो. मणका खचला, एक्स-रेत पोकळ्या दिसल्या, की आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा येतो आणि तो रास्तच आहे. पण क्षयाची औषधं नियमित घेऊनही मणका सुधारत नसेल, तर एक दुर्मीळ आजार आठवावा : हायडॅटिड. कुत्र्याच्या आतड्यात अर्ध्या सेंटिमीटरचा पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा चपटा जंत असतो. त्याची अंडी विष्ठेतून मातीत जातात, मातीतून हाताला नाहीतर भाजीला लागतात आणि आपल्या पोटात येतात. त्यातून पुटी, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशव्या होतात, त्या बहुतेक यकृतात किंवा फुप्फुसात. शंभर रुग्णांत फार तर चारांच्या हाडात, आणि त्यातही निम्म्या वेळा मणक्यात.

यकृतातल्या पुटीभोवती शरीर जाड कवच बांधतं. हाडात हे कवच होत नाही. पुन्हा सांगतो, हाडात कवच होत नाही. म्हणून बारीक पुटी हाडाच्या जाळीतून वर्षानुवर्षं गुपचूप पसरतात आणि एक दिवस साध्या धक्क्याने हाड मोडतं. रक्ततपासणीवर विसंबू नका, हाडाच्या आजारात ती कोरी येऊ शकते. संशय असेल तर नमुन्यासाठी सुई घालण्याआधी एमआरआय करावा. पुटी फुटली तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते, शिवाय आजार आणखी पसरतो.

आता आइसलँडची गोष्ट. तिथे मेंढ्या अमाप, कुत्री घराघरात आणि हा आजारही घराघरात. कारण मेंढ्यांनाही अशाच पुटी होतात आणि त्या खाऊन कुत्र्याला जंत होतो. 1863 मध्ये डेन्मार्कचे पशुवैद्य हाराल्ड क्राबे तिथे गेले. त्यांनी 100 कुत्र्यांची आतडी तपासली, तर 28 मध्ये हा जंत निघाला. मग त्यांनी काय केलं? एक छोटी पुस्तिका लिहिली, तिथल्या लोकांच्या भाषेत. मेंढी कापल्यावर पुटी असलेलं काळीज कुत्र्यापुढे टाकू नका, जाळा नाहीतर खोल पुरा, इतकं सरळ. 1864 मध्ये ती घरोघरी फुकट वाटली. आइसलँडची माणसं वाचणारी. हिवाळ्याच्या लांबलचक रात्री घरातला एक जण वाचायचा आणि बाकीचे लोकर विंचरत ऐकायचे. (आपल्या आरोग्यपत्रकांत ‘प्रतिबंधात्मक उपाययोजना’ असतात. ‘हात धुवा’ एवढंच लिहिलं, तर आजीसुद्धा नातवाला वाचून दाखवेल. पत्रकं अशीच लिहायला हवीत, असं माझं ठाम मत आहे.) पुढे 1890 च्या कायद्याने कुत्र्यांना जंताचं औषध सक्तीचं झालं. शिवाय लोक कोवळी कोकरंच कापू लागले, त्यामुळे पुटी पिकायला वेळच उरला नाही. आणि तो देश या आजारातून सुटला.

उपचार थोडक्यात. नुसतं खरवडून भागत नाही, बाधित हाड काढावं लागतं. सोबत अल्बेंडाझोल हे जंतावरचं औषध, वजनाच्या दर किलोला दिवसाला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. ते तूप-तेलाच्या जेवणासोबत घ्यायचं, एरवी नीट शोषलं जात नाही. हे महिनोन्‌महिने चालतं, म्हणून यकृत आणि पांढऱ्या पेशी तपासत राहायचं. जंतासाठीची एकच गोळी इथे पुरत नाही.

आणि कुत्रा? दर किलोला 5 मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला 50. जंत साधारण सहा-सात आठवड्यांत अंडी घालू लागतो, म्हणून धोक्याच्या भागात दर सहा आठवड्यांनी. औषधाने जंत मरतो, अंडी मरत नाहीत. तेव्हा पुढचे दोन दिवस कुत्रा बांधून ठेवा आणि त्याची विष्ठा खोल पुरा.