डेलच्या डब्यात एएमडी

(दृश्य: सीताबर्डी, रिपेअरिंगचं दुकान, उघडलेलं कॅबिनेट)

मे महिन्यातली दुपार, बाहेर नागपूरचं ऊन, आणि दुकानातला कूलर असून नसल्यासारखा. टेबलावर डेलचा डायमेन्शन ई५२१ हा डेस्कटॉप कॉम्प्युटर आहे, जुन्या मालात आलेला. बाप्पा, एवढी धूळ की पंख्याची पाती दिसत नाहीत. भाऊंनी ब्लोअर मारला, पुढचं आमचं खोकणं कापलंय.

याच्या आत प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य चिप, इंटेलची नाही, तिच्या प्रतिस्पर्धी कंपनीची, एएमडीची आहे. आज कोणी म्हणेल त्यात काय, पण डेल म्हणजे इंटेलच असं वर्षानुवर्षं चाललेलं. मे २००६ मध्ये कंपनीने सर्व्हरसाठी एएमडीचा ऑप्टेरॉन प्रोसेसर घेणार म्हणून जाहीर केलं आणि सप्टेंबरात हे डेस्कटॉप आले.

(दृश्य: हीटसिंक निघतो, जवळून)

हे नीट बघा. चिप आणि हीटसिंक (चिप थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) यांच्यामधली पेस्ट वाळून दगड झालीय, हीटसिंक सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून सोबतच येतो, म्हणून भाऊ आधी त्याला हळूहळू डावी-उजवीकडे फिरवतात, मग लिव्हर उचलतात, मग चिप. खाली ९४० पिना. कोपऱ्यातली एक वाकलेली, ती शिस काढलेल्या पेनपेन्सिलच्या टोकाने सरळ होते. इंटेलने तेव्हा पिना बोर्डावरच्या सॉकेटमध्ये नेल्या होत्या, ७७५, तिथे एक वाकली की बोर्डाचंच काम निघतं आणि गिऱ्हाइकाचं तोंड वाकडं होतं.

म्हणजे इंटेल काढली, एएमडी लावली असं होत नाही. बोर्ड वेगळा, त्यावरच्या मदतनीस चिप म्हणजे चिपसेट वेगळा, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर म्हणजे बायोस वेगळं, सगळं नव्याने तपासायचं. कंपन्या सप्लायर बदलायला कंटाळतात ते यामुळे, असं आपण समजतो. पण पैसाही होता ना! एएमडीने २००५ मध्येच इंटेलवर केस टाकली होती, की इंटेल कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्यांना पैसे देऊन आम्हाला बाहेर ठेवते. पुढे अमेरिकेच्या एसईसीने, म्हणजे तिथल्या शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डेलवर ठपका ठेवला तो असा की इंटेलकडून येणारी रक्कम २००६ च्या सुरुवातीच्या एका तिमाहीत डेलच्या ऑपरेटिंग नफ्याच्या ७६ टक्के झाली होती, आणि हे गुंतवणूकदारांना सांगितलंच नाही. शहात्तर! मग कोण कशाला दुसऱ्याची चिप घेईल.

पुढचं थोडक्यात: २००९ मध्ये इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन केस मिटवली, २०१० मध्ये डेलने १० कोटी डॉलर दंड भरला, आरोप मान्यही केले नाहीत आणि नाकारलेही नाहीत.

(दृश्य: नवी पेस्ट, पंखा फिरतो)

पहिल्यांदा बटन दाबलं तर डिस्प्लेच नाही. रॅम काढून पुसून परत लावली, आला. यातला एएमडीचा अ‍ॅथलॉन प्रोसेसर ६४ बिटचा आहे, त्यामुळे भाऊ यात आजचं हलकं लिनक्स टाकणार आहेत. किंमत अजून सांगत नाहीत.