खाचरातली माती, काचपट्टीवरचा थेंब

(मावळ. मे महिना. खाचरावरून सरकणारा कॅमेरा.)

भाताचं खाचर मे महिन्यात असं दिसतं. धसकटं वाळलेली, जमिनीला भेगा, ढेकूळ चिमटीत धरलं की भुगा. बांधावर बगळाही फिरकत नाही. इथली दोन मुठी माती आपण कागदाच्या पुडीत बांधून घेतोय. वरच्या थरातली, मुळांच्या तुसांसकट.

(टेबल. काचेची बशी. ड्रॉपर.)

माती बशीत पसरली. आता डिस्टिल्ड वॉटर. माती चिंब भिजेल इतकंच घालायचं, वर पाणी साचू द्यायचं नाही. ही रीत साल्झबर्गचे प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म फॉइसनर यांची. सिलिएट म्हणजे अंगावर बारीक केस असलेले एकपेशीय जीव. त्यांच्या शेकडो नव्या जाती त्यांनी जगासमोर आणल्या, त्यातल्या कितीतरी अशा मूठभर मातीतून. बशी तिरपी धरायची, बोटाने माती हलकेच दाबायची आणि निथळलेलं थेंबभर पाणी काचपट्टीवर घ्यायचं. हे दुसऱ्या दिवशी, मग ७व्या, १४व्या, २१व्या आणि २८व्या दिवशी. एकदाच बघून चालत नाही, कारण प्रत्येक फेरीला मंडळी वेगळी असतात.

(सूक्ष्मदर्शक. थेंबातली हालचाल.)

दुसऱ्या दिवसाची सकाळ. काल जो भुगा होता, त्यात आज ही लगबग.

हे सगळे सिलिएट, एकपेशीय. अंगावर बारीक केस, पुस्तकात त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. याच केसांनी हे पोहतात आणि याच केसांनी घास तोंडाकडे ओढतात. एका पेशीत दोन प्रकारची केंद्रकं: मोठं रोजचा कारभार पाहतं, लहान पुढच्या पिढीसाठी राखलेलं.

सगळ्यात आधी जागा होतो तो कोलपोडा. घेवड्याच्या दाण्यासारखा आकार, एका बाजूला खाच आणि त्या खाचेत तोंड. पाणी आटलं की हा अंग आवळून घेतो, स्वतःभोवती कवच बांधतो आणि अनेक वर्षं तसाच पडून राहू शकतो. ओल लागली की काही तासांत बाहेर. त्याची चाल बघा. सरळ जात नाही, कलंडत, गिरक्या घेत जातो. आणि उजवीकडे कोपऱ्यात एक थांबलाय, तो मेलेला नाही. कोलपोडा सहसा पोहता पोहता विभागत नाही. पातळ कवचात शिरतो, आतल्या आत विभागतो आणि बहुधा चार जण बाहेर पडतात. हे... आत्ता. एवढ्या एका क्षणासाठी आम्ही सबंध रात्र भिंगाला डोळा लावून बसलो होतो.

(तयार काचपट्ट्यांची पेटी.)

कॉलेजात आम्हाला पॅरामेशियम दाखवलं ते मारून, रंगवून, काचेखाली डकवलेलं. तीन वर्षांत एकदाही जिवंत दाखवलं नाही. चपलेच्या तळव्यासारखी आकृती काढली, बाण काढून नावं दिली, पूर्ण गुण मिळाले. पुढे डबक्याच्या पाण्यात ते समोरून गेलं, तेव्हा मला ओळखता आलं नाही. माझं म्हणणं तेव्हापासून एकच आहे: आधी जिवंत बघा. रंग नंतर.

(पेंढ्याचं पाणी. बरणी उजेडाकडे धरलेली.)

पेंढा उकळून गार केलेलं पाणी, त्यात गावतळ्यातलं चमचाभर पाणी. आठवडा गेला. बरणी उजेडाकडे धरली की नुसत्या डोळ्यांनाही पांढरे कण सरकताना दिसतात. हेच ते पॅरामेशियम, एकेक जण जेमतेम पाव मिलिमीटरचा. पण भिंगाखाली घेतलं की हे इतके सुसाट पळतात की नजर ठरत नाही. म्हणून थेंबात कापसाचे चार-दोन तंतू विंचरून टाकलेत, आणि वर कव्हरस्लिप.

बघा, तंतूला धडकलं. थांबलं. केस उलटे मारून मागे आलं, थोडं वळलं, पुन्हा पुढे गेलं. पुन्हा धडकलं. पुन्हा मागे. वाट सापडेपर्यंत हे असंच चालतं.

तंतूंच्या बेचक्यात अडकलेल्या या एकाकडे जरा वेळ पाहत राहू. अंगाच्या दोन्ही टोकांना चांदणीसारखं काहीतरी उमलतंय, मिटतंय. एकदा इकडे, एकदा तिकडे. आत शिरलेलं जादा पाणी बाहेर टाकणाऱ्या या संकोचशील रिक्तिका. रंगवलेल्या काचपट्टीवर त्या असतात, पण धडधडत नाहीत.

त्याच थेंबात हे हिरवं. रंग त्याचा स्वतःचा नाही, अंगात सांभाळलेल्या शेवाळ पेशींचा आहे. हे पॅरामेशियम बर्सारिया. याला ओळखायला हिरवा रंग पुरतो. बाकीच्यांसाठी मात्र आता केंद्रक रंगवणाऱ्या मिथिल ग्रीनचा थेंब लागतो, आणि त्या थेंबाने जीव जातो. लहान केंद्रक एक दिसलं तर कॉडॅटम, दोन दिसली तर ऑरेलिया. त्यातही ऑरेलिया ही एक जात नाहीच. जनुकशास्त्रज्ञ सॉनबॉर्न यांनी १९७५ मध्ये तिच्या पोटातल्या १४ जातींना वेगवेगळी नावं दिली. दिसायला त्या इतक्या सारख्या की नुसतं बघून वेगळ्या काढता येत नाहीत. अशा वेळी वहीत ‘ऑरेलिया गट’ एवढंच लिहावं. अर्धी ओळख प्रामाणिकपणे लिहिणं हेही कामच आहे.

(पाणवनस्पतीचं मूळ, त्यावर घंटांचा झुबका.)

तळ्यावर तरंगणाऱ्या हिरव्या टिकल्यांची मुळं. त्यांना लागून या घंटा. टेबलावर टिचकी मारतो... देठाची स्प्रिंग झाली. पुन्हा हळूहळू उलगडतेय. ही व्हॉर्टिसेला. स्वतः घडवलेल्या भिंगांतून सूक्ष्मजीव पाहणाऱ्या डेल्फ्टच्या लेव्हेनहुक यांनी १६७६च्या पत्रात असे जीव वर्णन केले आहेत. शेपूट कशाला तरी अडकलीय आणि ती सोडवायला बिचारे धडपडतायत, असं त्यांना वाटलं होतं.

हे दुसरं झाड बघा, फांद्याफांद्यांचं. टिचकी मारली, आणि एकेक फांदी स्वतंत्रपणे आखडली. हा कार्केशियम. आणि गोगलगायीच्या शंखावरचं हे तिसरं: टिचकी मारली तरी देठ ताठच, फक्त वरच्या घंटा मिटल्या. हा एपिस्टायलिस. तिघांचे फोटो शेजारी ठेवले तर माणूस गोंधळेल. एका टिचकीत तिघं वेगळे झाले.

(बशीतला ७वा दिवस.)

मातीच्या बशीत आता चालणारे आलेत. हो, चालणारे. केसांचे जुडगे पायांसारखे टेकत हा गाळावरून फिरतोय. कचऱ्याच्या फटीत शिरताना अंग वाकलं का, ते बघायचं. वाकलं, तर ऑक्सिट्रिका किंवा तिच्या भाऊबंदांपैकी कुणीतरी. हा दुसरा मात्र तसाच ताठ आणि मागे तीन लांब केस. हा स्टायलोनिकिया.

आणि हा निळसर तुतारीवाला, तळ्यातल्या काडीवरचा. स्टेन्टर. आतली मण्यांची माळ दिसतेय ना? ते त्याचं मोठं केंद्रक.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातही हीच ओळख उपयोगी पडते. गाळात देठवाले आणि चालणारे भरपूर असले की पाणी बहुधा स्वच्छ निघतंय असं समजतात.

(खाचर. फक्कीच्या रेषा.)

आपण माती घेतली त्या खाचरात आता प्लॉटची आखणी झाली आहे. यंदा तिथे लावणी नाही.

(बशी. २८वा दिवस.)

शेवटची फेरी. आज बशीत पाणी घातलेलं नाही. थेंब कडेने आटत चाललाय आणि कोलपोडा मधे दाटीने जमलेत. हा फिरायचा थांबला. खाच बुजली. गोल झाला. शेजारचाही.

माती वाळली की ती पुन्हा पुडीत बांधायची. पुडीवर पेन्सिलीने लिहायचं: मावळ, भाताचं खाचर, मे.