पेटीची लांबी आणि आकड्यांची दाटी

मित्रहो, बॉक्सप्लॉट, म्हणजे आकड्यांचा पसारा एका पेटीने आणि तिच्या दोन्ही टोकांच्या रेघांनी दाखवणारी आकृती, पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी बहुधा एक ठरावीक चूक करतो. आजची सुरुवात मी त्या चुकीपासूनच करतो, कारण ती दुरुस्त झाली की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. पेटीचा जो भाग लांब दिसतो त्यात निरीक्षणे जास्त असणार, असे त्याला वाटते. स्तंभालेख वाचून डोळ्यांना तशीच सवय लागलेली असते. बॉक्सप्लॉटमध्ये मात्र खालची रेघ, पेटीचा खालचा भाग, पेटीचा वरचा भाग आणि वरची रेघ या चारही भागांत सुमारे पाव-पाव निरीक्षणे असतात; त्यामुळे भाग लांब असेल तर तेवढीच निरीक्षणे अधिक अंतरावर पसरलेली आहेत आणि आखूड असेल तर ती दाटीने बसलेली आहेत, एवढाच अर्थ निघतो.

एक उदाहरण घेऊ. चढत्या क्रमाने लावलेली अकरा निरीक्षणे अशी आहेत: ४, ६, ७, ८, ९, १०, १२, १४, १५, १८ आणि ३४. सहावे, म्हणजे अगदी मधले निरीक्षण १०, म्हणून मध्यक १०. मध्यक बाजूला ठेवला, तर खालच्या पाच निरीक्षणांच्या मधोमध ७ येतो आणि वरच्या पाचांच्या मधोमध १५. हे पहिले आणि तिसरे चतुर्थक. पेटी ७ पासून १५ पर्यंत काढायची आणि १० वर आडवी रेघ मारायची. मध्यकाच्या खाली पेटीची उंची ३ आहे, वर ५ आहे, म्हणजे वरची बाजू विरळ आहे आणि वितरण मोठ्या किमतींकडे ताणलेले आहे.

आता पेटीबाहेरच्या रेघा, ज्यांना व्हिस्कर म्हणतात. चतुर्थकांमधील अंतर ८, त्याची दीडपट १२, म्हणून वरची मर्यादा १५ अधिक १२, म्हणजे २७. व्हिस्कर २७ पर्यंत जातो, असे अनेकजण लिहितात, तसे नाही. तो मर्यादेच्या आत असलेल्या शेवटच्या प्रत्यक्ष निरीक्षणावर, म्हणजे १८ वर थांबतो. खालची मर्यादा उणे ५ येते, आणि त्या बाजूला सर्वांत लहान निरीक्षण ४ असल्यामुळे खालचा व्हिस्कर ४ वर थांबतो. ३४ मात्र मर्यादेबाहेर पडते, म्हणून ते स्वतंत्र बिंदूने दाखवतात आणि त्याला आउटलायर म्हणतात. काही जण व्हिस्कर थेट सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या निरीक्षणापर्यंत नेतात, म्हणून आकृतीखाली कोणता नियम पाळला आहे ते लिहिलेले असावे, असा माझा आग्रह असतो.

हा दीडपटीचा नियम अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकी यांचा. त्यांच्या १९७७ मधील ग्रंथामुळे बॉक्सप्लॉट सर्वत्र पोहोचला. मेरी एलिनर स्पिअर यांनी १९५२ मध्येच अशा प्रकारची आकृती मांडली होती, हेही इथे नोंदवले पाहिजे.

आउटलायर या शब्दाने फार नुकसान केले आहे, असे मला मनापासून वाटते. बिंदू पेटीपासून दूर दिसला की तो चुकीचा मानून काढून टाकण्याची घाई होते. पण वितरण अगदी प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराचे आणि दोन्ही बाजूंना सारखे असले, कोणतीही चूक झालेली नसली, तरी या नियमाने सुमारे ०.७ टक्के निरीक्षणे मर्यादेबाहेर पडतात. हजारात साधारण सात. विषम, म्हणजे एका बाजूला ताणलेल्या वितरणात हे प्रमाण पुष्कळ वाढू शकते. म्हणून तो बिंदू मूळ नोंद पुन्हा तपासायला सांगतो. ती नोंद खोडण्याचा अधिकार देत नाही. आपल्या उदाहरणात ३४ च्या जागी चुकून ३४० लिहिले गेले तर सरासरी १२.५ च्या आसपासून ४० च्या वर जाईल, पण पेटी आणि मध्यक तसूभरही हलणार नाहीत.

चतुर्थक काढण्याची पद्धत मात्र एकच नाही. वरच्या उदाहरणात मध्यक दोन्ही अर्ध्यांत धरला तर चतुर्थके ७.५ आणि १४.५ येतात आणि वरची मर्यादा २५ होते. हाइंडमन आणि फॅन यांनी १९९६ मध्ये अशा नऊ पद्धतींची तुलना केली. तेव्हा दोन संगणक प्रणालींची उत्तरे थोडी वेगळी आली तर गोंधळून जाऊ नये.

बॉक्सप्लॉटची खरी उपयुक्तता अनेक गट शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसते. एका गटाचा मध्यक दुसऱ्याच्या तिसऱ्या चतुर्थकाच्याही वर असेल, तर पहिल्यातील निदान निम्मी निरीक्षणे दुसऱ्यातील तीन चतुर्थांशांपेक्षा मोठी आहेत, हे एका नजरेत कळते. परंतु गटात बारा निरीक्षणे आहेत की बारा हजार, हे पेटी सांगत नाही. ती संख्या शेजारी लिहावीच लागते.

याहून गंभीर उणीव वेगळी आहे. निरीक्षणांचे दोन पुंजके असतील, एक खालच्या टोकाला आणि दुसरा वरच्या, आणि मधला पट्टा रिकामा असेल, तरी बॉक्सप्लॉट एक लांबरुंद, नीटस पेटीच दाखवतो आणि मध्यकाची रेघ कदाचित अशा ठिकाणी पडते जिथे एकही निरीक्षण नाही. म्हणून निरीक्षणे थोडी असतील तेव्हा मी विद्यार्थ्यांना पेटीवरच सगळे बिंदू काढायला लावतो. फार असतील तेव्हा शेजारी आयतालेख (हिस्टोग्राम) मागतो.